इंद्रलोकाच्या दारात थांबलेली आई

व्यासांच्या महाभारताच्या अखेरीस एक प्रसंग येतो. द्रौपदी आणि चारही बंधू वाटेत पडल्यावर युधिष्ठिर एकटाच पुढे चालत राहतो. हस्तिनापुरापासून सोबत आलेला एक कुत्रा तेवढा त्याच्या मागे असतो. इंद्र रथ घेऊन सामोरा येतो, मात्र स्वर्गात कुत्र्याला स्थान नाही, असे सांगतो. आश्रयाला आलेल्या जीवाला वाऱ्यावर सोडून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिराला नको असतो. तो नकार देतो, आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे तेव्हा उघड होते.

भाईंदर पूर्वेला गोल्डन नेस्टच्या परिसरात इंद्रलोक याच नावाची दाट निवासी वसाहत आहे. येथील सोसायट्यांमध्ये व्यापारी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि भाड्याने द्यायच्या सदनिकाही पुष्कळ आहेत. महाभारतातील तो प्रसंग या इंद्रलोकाच्या दारातही घडू शकतो.

असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. सांगलीकडील एक भगिनी आहे. पतीचे अकाली निधन झाले, दुकान मिटवावे लागले. मुंबईत एका पेढीवर हिशेब लिहिण्याचे काम मिळाले. सोबत पाचवीतील मुलगी, दुसरीतील मुलगा आणि घरात सहा वर्षे वाढलेला कुत्रा. इस्टेट एजंट आधी विचारतो, ‘घरी पुरुष माणूस कोण?’ मग विचारतो, ‘कुत्रा आहे का?’ दुसऱ्या उत्तरानंतर फोन येणे थांबते. शेवटी कोणीतरी आपुलकीने सुचवते, ‘ताई, घर मिळेल, पण त्या कुत्र्याचे काहीतरी करा.’

या ‘काहीतरी’चा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. वडील गेले, गाव सुटले, शाळा सुटली. आता त्या मुलांनी रात्री उशाशी झोपणारा जीवही सोडावा, अशी ती सूचना असते. हा प्रश्न केवळ प्राणी पाळण्याच्या हौसेचा नाही. जीवदयेचे नाव घेणाऱ्या समाजाने आपल्या दारात आलेल्या चार जीवांकडे कसे पाहावे, हा तो प्रश्न आहे.

गंधोत्कट श्रेष्ठीची गोष्ट

जैन कथासाहित्यात जीवंधरकुमाराचे चरित्र प्रसिद्ध आहे. गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात ते येते, वादीभसिंहांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ रचले, आणि तमिळमधील जीवकचिंतामणी हे महाकाव्यही त्याच कथेवर उभे आहे. हेमांगद देशातील राजपुरीचा राजा सत्यंधर याचे राज्य काष्ठांगार नावाच्या मंत्र्याने कपटाने बळकावले आणि राजाचा वध झाला. गर्भवती राणी विजया मयूरयंत्रात बसून निसटली ती थेट स्मशानात उतरली आणि तेथेच तिने पुत्राला जन्म दिला. पती गेलेला, राज्य गेलेले, नगर परके झालेले, आणि कुशीत तान्हे मूल.

त्या वेळी मदतीचा हात आला तो एका व्यापाऱ्याचा. गंधोत्कट नावाचा श्रेष्ठी आपल्या मृत अर्भकाला घेऊन स्मशानात आला होता. त्याने तो बालक उचलला, घरी नेला आणि आपल्या मुलाप्रमाणे वाढवला. पुढे याच जीवंधराने मरणोन्मुख कुत्र्याच्या कानात नमस्कार मंत्र म्हटला. अन्नाला तोंड लावले म्हणून लोकांनी त्या कुत्र्याला मरेस्तोवर मारले होते. त्या मंत्राच्या प्रभावाने तो कुत्रा यक्षयोनीत जन्मला आणि जीवंधराचा आयुष्यभराचा साहाय्यकर्ता झाला.

एकाकी आई, आसरा देणारा व्यापारी आणि अखेरच्या क्षणी आधार मिळालेला कुत्रा, असे तिघेही या एकाच कथेत आहेत. मंदिरात ही कथा ऐकताना डोळे पाणावतात. तीच माणसे भाड्याचे घर मागायला आली की मात्र ओळख पटत नाही.

अतिचार आणि कायदा

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे जीवाला जखडून ठेवणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर पेलणार नाही इतका भार लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे. ही यादी घरच्या, पदरी असलेल्या जनावराला अगदी नेमकी लागू पडते.

भारताच्या संसदेने १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम केला. त्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला मारणे, त्याच्यावर अति भार लादणे, आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, अवयव छाटणे, आणि मालकाने पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हे गुन्हे ठरवले आहेत. सबळ कारणाशिवाय प्राण्याला उपाशीतापाशी मरण्याच्या स्थितीत सोडून देणे हाही त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा १० ते ५० रुपये आहे. पण दंड लहान म्हणून दोष लहान होत नाही. शास्त्रातील पाच अतिचार आणि कायद्यातील ही कलमे शेजारी ठेवून वाचली तर दोन्हींचा आशय एकच दिसतो. ‘कुत्र्याचे काहीतरी करा’ हा सल्ला देणारा माणूस नकळत त्या आईला अन्नपाननिरोधाच्या वाटेवर ढकलत असतो.

मुंबईची जुनी परंपरा

मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत मोठी दंगल झाली. पारशी समाज त्यात अग्रभागी होता, आणि जैन व हिंदू व्यापाऱ्यांनाही तो हुकूम तितकाच झोंबला होता. त्या क्षोभातून पुढे १८३४ मध्ये भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली. जमशेटजी जिजीभाई यांचा त्यात मोठा वाटा होता. संस्था चालावी म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर ‘लागा’ बसवून घेतला. अहिंसा त्यांनी वर्षातून एकदा देण्याच्या देणगीवर सोडली नाही, रोजच्या उलाढालीत बसवली.

आजही पर्युषणात जीवदयेची टीप होते, आकडे लिहिले जातात आणि संस्थांची जीवदया खाती चोख ठेवली जातात. हे पुण्यकार्य मोठेच आहे. मात्र पांजरपोळीत जाणारा जीव आपल्या नजरेआड असतो. भाडेकरूसोबत येणारा जीव लिफ्टमध्ये शेजारी उभा राहतो. म्हणून पहिल्यासाठी हात सैल सुटतो, दुसऱ्यासाठी दार बंद होते.

घरमालकाच्या चार भीती

घर कोणाला भाड्याने द्यावे हे ठरविण्याचा अधिकार मालकाचाच आहे. म्हणून त्याच्या मनातील शंका मोकळेपणाने तपासणे योग्य ठरेल. सर्वसाधारणपणे त्या चार असतात.

पहिली, एकट्या बाईकडून भाडे थकेल. ही भीती कोणत्याही भाडेकरूबाबत असू शकते आणि तिचे उत्तर कागदात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदवलेला नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुद्रांक शुल्क फारसे नाही. समजा, १२ महिन्यांसाठी दरमहा २०,००० रुपये भाडे आणि १,००,००० रुपये परतीची अनामत ठरली. भाड्याचे २,४०,००० आणि अनामतीवर १० टक्क्यांनी धरलेले व्याज १०,००० मिळून २,५०,००० होतात, त्यावर ०.२५ टक्के म्हणजे ६२५ रुपये. नोंदणी शुल्क वेगळे. एवढ्या खर्चात दोन्ही बाजू सुरक्षित होतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवणेही त्याच वेळी उरकावे.

दुसरी, घर खराब होईल. यासाठी घर देताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून कराराला जोडावीत. दारे, भिंती किंवा फर्निचर यांचे नुकसान झाल्यास ते अनामतीतून वळते होईल, असे कलम घालावे. पाळीव प्राण्याचा उल्लेख करारात स्पष्ट करावा. लपवून आणलेला कुत्रा भांडणाचे मूळ होतो. कागदावर आलेला कुत्रा होत नाही.

तिसरी, सोसायटी हरकत घेईल. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्टचा वापर नाकारता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये अशी बंदी घालणारे उपविधी बेकायदेशीर ठरवले. महाराष्ट्रातील सोसायट्यांनाही तो निकाल दिशा दाखवणारा आहे. बिनवहिवाट शुल्काच्या बाबतीतही मर्यादा ठरलेली आहे: राज्य शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. कुत्रा आहे म्हणून जादा आकारणी करण्याला आधार नाही.

चौथी भीती समाजबांधवांच्या मनात सर्वांत खोल असते, ती म्हणजे प्राण्याच्या निमित्ताने घरात मांसाहार शिरेल. ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कुत्रा पिष्टमय अन्न पचवू शकतो. पशुवैद्याच्या सल्ल्याने नीट आखलेल्या शाकाहारावर तो निरोगी राहू शकतो. केवळ दूधपोळी मात्र त्याला पुरत नाही. कांदा आणि लसूण कुत्र्यामांजरांना विषारी असतात; त्या बाबतीत जैन स्वयंपाकघर आपोआप सुरक्षित ठरते. चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका मात्र कुत्र्यापासून दूर ठेवावीत, कारण मुले प्रेमाने हेच पदार्थ भरवतात. मांजराची गोष्ट निराळी आहे. त्याच्या शरीराला लागणारा टॉरिन हा घटक निसर्गतः प्राणिज अन्नातून मिळतो, आणि तो कमी पडल्यास डोळे व हृदय बिघडते. म्हणून मांजरावर आपले व्रत लादता येत नाही. मांजर घरी आणण्यापूर्वीच जैन कुटुंबाने याचा विचार केला पाहिजे. जे आधीच घरात आहे त्याच्यासाठी बंद पाकिटातील अन्न, वेगळे भांडे आणि स्वयंपाकघराबाहेरची जागा ठेवावी, आणि हे मालकाला आधीच सांगावे.

निघण्यापूर्वी आईने करावयाची तयारी

विश्वास एका बाजूने उभा राहत नाही. स्थलांतर करणाऱ्या आईनेही आपली बाजू चोख ठेवली तर अर्धे काम होते.

सर्वप्रथम गावच्या घराचा विचार शांतपणे करावा. पती मृत्युपत्र न करता गेले असतील आणि घर त्यांच्या नावावर असेल, तर त्यात अज्ञान मुलांचाही हिस्सा असतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे अज्ञानाची स्थावर मिळकत विकण्यास न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. तशी परवानगी न घेता केलेली विक्री मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकते. नव्या शहरात अनामत भरायची घाई आहे म्हणून घर विकून टाकू नये. ते भाड्याने दिले तर उत्पन्नही राहते आणि परतीची वाटही राहते.

मुलांच्या बँक खात्यांसाठी व इतर कागदांसाठी पालक म्हणून आईची सही चालते की नाही, ही शंका अजूनही काही कार्यालयांत काढली जाते. गीता हरिहरन विरुद्ध भारतीय रिझर्व्ह बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हा प्रश्न निकालात काढला. मुलाच्या नावे रोख्यांसाठी केलेल्या अर्जावर पालक म्हणून आईची सही स्वीकारली गेली नव्हती, तेथून तो खटला सुरू झाला. वडील हयात असले तरी मुलाच्या संगोपनात त्यांचा प्रत्यक्ष सहभाग नसेल, तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम पाहू शकते, असा त्याचा आशय आहे. विभक्त झालेल्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. पती निवर्तले असतील तर आईच नैसर्गिक पालक असते.

शाळेबाबत शिक्षण हक्क अधिनियम, २००९ आधाराला आहे. सरकारी वा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क मुलाला आहे. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी ताबडतोब दिला पाहिजे, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवून ठेवता येत नाही. वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलालाही हे संरक्षण आहे. तरीही शक्य असेल तर उन्हाळी सुटीत बस्तान हलवणे मुलांच्या हिताचे.

पैशांचा हिशेब साधा ठेवावा. अनामत, दलाली, सामानाची वाहतूक, शाळेचा खर्च आणि प्राण्याचे लसीकरण असे पाच रकाने करून प्रत्येकात आकडा लिहावा. त्याखेरीज सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम हात न लावता बाजूला ठेवावी. पगार सुरू होण्यास महिना लागतो, आणि आजारपण वेळ विचारून येत नाही.

मुक्या सोबत्याची कागदपत्रेही माणसांइतकीच महत्त्वाची आहेत. रेबीजची लस वर्षागणिक दिल्याची नोंद असलेले पुस्तक, पशुवैद्याचे प्रकृतीचे प्रमाणपत्र आणि नव्या गावी पालिकेकडे नोंदणी, एवढे हाताशी ठेवावे. घरमालकाला हे पुस्तक न मागता दाखवावे. त्याचा परिणाम शब्दांहून अधिक होतो. भाईंदरसारख्या समुद्र आणि खाडीलगतच्या भागात पावसाळा जड असतो. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून त्याची लस जूनपूर्वीच टोचून घ्यावी.

प्रवास रेल्वेने करायचा तर नियम आधी समजून घ्यावेत. कुत्र्याला सोबत न्यायचे असल्यास वातानुकूलित प्रथम वर्गात किंवा प्रथम वर्गात संपूर्ण कूपे वा केबिन राखीव मिळावी लागते, आणि प्राण्याची नोंदणी पार्सल कार्यालयात करावी लागते. शयनयान किंवा वातानुकूलित द्वितीय वर्गात कुत्रा नेता येत नाही. दुसरा मार्ग ब्रेकव्हॅनमधील पेटीचा. पण घाबरट किंवा वृद्ध प्राण्याला तो त्रासाचा होतो. सांगली ते भाईंदर हे अंतर साधारण ४०० किलोमीटरचे आहे. कुटुंब आणि प्राणी मिळून एक भाड्याची गाडी केली, दर दोन-तीन तासांनी थांबून पाणी पाजले, तर सर्वांचाच प्रवास सुखाचा होतो.

पहिले चाळीस दिवस

नव्या घरात आल्यावर मांजर दोन-चार दिवस कोपऱ्यात दडून बसते. त्याला एकाच खोलीत ठेवून हळूहळू घर दाखवावे, आणि वरच्या मजल्यावर असल्यास खिडक्यांना जाळी बसवल्याशिवाय मोकळे सोडू नये. अंगणात वाढलेल्या कुत्र्याला लिफ्ट हा भयंकर प्रकार वाटतो. गर्दीची वेळ टाळून, रोज थोडे थोडे करून त्याला सवय लावावी. बाहेर नेताना पट्टा हवाच, आणि त्याने केलेली घाण मालकाने स्वतः उचलावी. लिफ्टमध्ये लहान मूल किंवा वयोवृद्ध व्यक्ती घाबरत असेल तर आपण थांबून पुढच्या फेरीने जावे. हक्क कायद्याने मिळतो, पण शेजार अशा वागण्यानेच मिळतो.

खरी कसोटी दिवसभराच्या एकटेपणाची असते. आई सकाळी लोकल गाठते ती संध्याकाळी परतते. मुले दुपारी शाळेतून येतात. अशा वेळी पहिल्या मजल्यावरच्या एखाद्या आजींनी एक किल्ली जवळ ठेवली, किंवा पाठशाळेतल्या मोठ्या मुलाने संध्याकाळी कुत्र्याला एक फेरी मारून आणली, तर त्या घराचा निम्मा भार उतरतो. जाणाऱ्या वेळेखेरीज यात कोणाचा काही खर्च होत नाही. मुलांसाठी तर तो कुत्रा ओळखपत्रच ठरतो. नव्या वसाहतीत त्यांचे नाव कोणाला ठाऊक नसते, पण ‘त्या कुत्र्याची मुले’ म्हणून आठवडाभरात सगळे त्यांना ओळखू लागतात, आणि खेळायला बोलावणे येते.

एका सदनिकेची जीवदया

जैन प्रतीक १९७४-७५ साली, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने सर्व संप्रदायांनी स्वीकारले. त्याखाली तत्त्वार्थसूत्रातील जे सूत्र लिहिलेले असते, त्याचा अर्थ जीवांनी एकमेकांना आधार द्यावा, असा आहे. त्यात माणूस आणि पशू असा भेद केलेला नाही; सधवा आणि विधवा, घरमालक आणि भाडेकरू असाही नाही.

अनेक व्यापारी कुटुंबांकडे राहत्या घराखेरीज एखादी वन बीएचके सदनिका गुंतवणूक म्हणून घेतलेली असते. तिच्यातून येणारे भाडे हा योग्य व्यवहार आहे, आणि भाडे कमी करा असे येथे कोणी म्हणत नाही. एवढेच करता येण्यासारखे आहे की, अशी एखादी आई विचारायला आली तर एजंटाच्या पहिल्याच वाक्यावर नकार न देता तिला समोर बसवावे, कागद पाहावेत, मुलांशी दोन शब्द बोलावे, आणि त्या कुत्र्यालाही एकदा दारात उभे राहू द्यावे. नोंदणीकृत करार, अनामत आणि स्पष्ट अटी यांमुळे जोखीम इतर कोणत्याही भाडेकरूइतकीच उरते. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनीही ‘आमच्याकडे चालत नाही’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी ते कोणत्या नियमात बसते, हे तपासावे.

राजपुरीच्या स्मशानात त्या रात्री गंधोत्कटाने राणीच्या कुळाची चौकशी केली नाही, की त्या बालकाच्या पुढील खर्चाचा अंदाज मांडत बसला नाही. तो स्वतः पुत्रशोकात होता, तरी त्याने हात पुढे केला. त्याचा व्यापार त्यामुळे बुडाला नाही, आणि त्याचे नाव मात्र आजपर्यंत उरले. आजच्या श्रेष्ठीपुढे मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे. त्याला कोणाचे मूल वाढवायचे नाही. ठरलेल्या भाड्यात, रीतसर करार करून, एका आईला तिच्या मुलांसह आणि त्यांच्या सोबत्यासह राहू द्यायचे आहे.